तीन काळ्या गोट्या

६ मे, रविवार

ओस्मान बार्रियाला आज पोहोचवून आलो. तोही माझ्यासारखाच राखणदार, डोंगरापलीकडच्या गावातल्या बंबखान्याचा. बत्तीस वर्षं बंब चालवला, तिथंच राहिला, तिथंच गेला. आणि शेवटची सवारी कशातून, तर भाड्याच्या काळ्या गाडीतून. त्याच्या अग्निशमन कंपनीने बंब दारात आणून उभा केला होता, लाल दिवा लावून, हे खरं. पण पेटी बंबावर चढवली नाही. बंबावर पेटी चढते ती सभासदाची, पगारी माणसाची नाही. फुलांच्या चक्रावर पट्टी होती, ‘आमच्या कर्मचाऱ्यास’.

सभासद गेला की कबरीपाशी हजेरी घेतात. त्याचं नाव पुकारतात आणि सगळी कंपनी एका आवाजात ‘हजर!’ म्हणते. ओस्मानचं नाव कोणी पुकारलं नाही. पाद्रीबाबांनी एकदा घेतलं, तेही ‘ओस्वाल्दो’ असं.

परत येताना बसमध्ये बायकोला, मेलाला, म्हटलं, “मलाही असंच नेणार बघ. सामान पोचवल्यासारखं.”

“तू आधी मर तर,” ती म्हणाली. “मग बघू.”

बायको म्हणून तिचं बरोबर असेल, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही. बंबखान्याच्या नोंदवहीत मी एकोणतीस वर्षं लिहितोय: वर्दी किती वाजता आली, पत्ता कुठला, परत कधी. डोक्यात काय चाललंय याला तिथे रकाना नाही. म्हणून माझ्या मुलीची, यास्नाची, ही शाळेतली अर्धी कोरी वही काढली.

९ मे

कप्तान आरांगिस ब्रेक बघायला आला होता. चौतीस वर्षांचा पोरगा, दिवसा बँकेत बसतो. आमच्या आस्तियेरो कंपनीत आग विझवणारे सगळे बिनपगारीच. कोणी मास्तर, कोणी मासळीवाला, एक तर दातांचा डॉक्टर आहे. पगारी एकटा मी. बंब चालवायचा, वर्दीचा फोन घ्यायचा, पितळ चमकवायचं, ओले होज पाइप मनोऱ्यात वाळत घालायचे, आणि त्याबद्दल पगार आणि वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. यास्ना त्याच खोल्यांत जन्मली. गेली सहा वर्षं तीही सभासद आहे. म्हणजे हजेरीत माझ्या मुलीचं नाव पुकारतात आणि तिला आगीपर्यंत नेणाऱ्या बापाचं नाही. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो. आज गाडीखाली आडवं पडून कप्तानाजवळ बोललो. तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं.

तो म्हणाला, “मग अर्ज करा की, नोल्बेर्तोकाका! मी सही करतो शिफारशीला. तुम्हाला कोण नाही म्हणणार?”

“राखणदार सभासद झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.”

“म्हणून काय झालं? बायका सभासद झालेल्या तरी कुणी ऐकलं होतं?”

पोरगा तोंडाळ आहे, पण मनाचा चांगला. अर्ज उद्या लिहितो.

२० मे, रविवार

अर्ज दिला. एलाद्योकाका नेहमीप्रमाणे पाचच्या चहाला आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, कंपनीत बासष्ट वर्षं झाली. आता आगीवर येत नाहीत, रोज येऊन घंटा पुसतात आणि आमच्याकडे चहा, पाव, अॅव्होकॅडो खातात. घंटा पुसलेलीच असते. ती सकाळी मीच पुसतो. त्यांना सांगत नाही.

अर्जाची बातमी मोठ्या ऐटीत सांगितली. ते खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी कपात चमचा इतका वेळ फिरवला की मेला म्हणाली, “साखर विरघळली हो, काका.”

मग काकांनी विचारलं, “नोल्बेर्तो, तुझी ती किल्पुएची जागा आहे ना रे अजून?”

“ती केव्हाच विकली. यास्नाच्या नर्सिंगच्या शिक्षणाला.”

“मग इथून गेलास तर कुठे जाशील?”

“इथून मी कशाला जातोय? माझी पेटीच जाईल खाली.”

म्हाताऱ्याने कप बाजूला सरकवला. मग एकदम कुठल्या तरी सिपुल्वेदाची गोष्ट काढली. म्हणे चव्वेचाळीस वर्षांपूर्वी इथला राखणदार होता, मोठ्या हौसेने सभासद झाला, आणि महिन्याच्या आत बोजाबिस्तरा घेऊन लिमाचेला बहिणीकडे राहायला गेला. म्हटलं, “बहिणीवर फार माया असेल.” तर माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे राखणदार पूर्वीही सभासद झालेला आहे तर! ही चांगली बातमी तेवढी मी लक्षात ठेवली. वय झालं की माणसं सुरू एका गोष्टीपासून करतात आणि पोचतात भलतीकडे.

३ जून, रविवार

आज अध्यक्ष उर्रेहोला स्वतः वर आले. मोठे वकील. एकोणतीस वर्षांत आमच्या दारात दोनदा आले असतील, तेही पाणी गळत होतं तेव्हा. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “नोल्बेर्तो, तुमच्यासारखा माणूस सभासद नाही ही कंपनीला लाज आहे. मी स्वतः चार लोकांशी बोलतोय.” असा मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही. त्यांच्याविषयी इतकी वर्षं उगाच वाईट बोललो याचं वाईट वाटलं.

सोबत एक तरुण वास्तुविशारद होता. त्याने टेपने खोल्या मोजल्या. बैठकीची, झोपायची, मेलाचं स्वयंपाकघरसुद्धा. अध्यक्ष म्हणाले की जुन्या इमारतीची अशी मापं असलेली बरी असतात. भिंत पाडली तर इथे आठ पलंग बसतील असं तो विशारद पुटपुटत होता. मेलाने विचारलं, “आठ पलंग कुणाला?” तर अध्यक्ष हसले आणि तिच्या रश्श्याच्या वासाची तारीफ केली. मी म्हटलं, बसा, जेवूनच जा. मेलाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ते घाईत होते म्हणून बरं, नाहीतर बाई घरच्या पाहुण्याला उपाशी पाठवायला निघाली होती.

१४ जून, गुरुवार

सभेत माझा अर्ज वाचला. मतदान ५ जुलैला. कप्तान म्हणाला, एकदा सभेत वाचलेला अर्ज मागे घेता येत नाही. मी म्हटलं, मागे घ्यायचा आहे कुणाला?

यास्ना ड्यूटीवरून आली ती हातात कंपनीची नियमांची पुस्तिका घेऊनच. जेवताना मध्येच म्हणाली, “बाबा, कलम एक्केचाळीस वाचलंय तुम्ही? ऐका, ‘कंपनीचा पगार घेणाऱ्या व्यक्तीस...’”

“तू जन्मायच्या आधीपासून हा बंब मी चालवतोय,” मी म्हटलं. “मला कलमं वाचून दाखवू नकोस. जेव.”

“एकच ओळ आहे, बाबा.”

“सहा वर्षं नाव पुकारतायत म्हणून बापाला शिकवतेस?”

हे बोलायला नको होतं. ती पुस्तिका मिटून उठली. तिची आई तिच्या मागे गेली आणि दोघी बराच वेळ खालच्या आवाजात बोलत होत्या. बायका अशा वेळी एक होतात. मी त्यांच्या वाटणीचे राजमेसुद्धा संपवले, रागाच्या भरात, आणि आता पोट दुखतंय.

२२ जून, शुक्रवार

गेल्या रविवारी कोर्दियेरा टेकडीवर पत्र्याच्या दोन घरांना आग. एक म्हातारी आणि तिची मांजरं वाचली. कप्तान उतारावर म्हणाला, बंब मागे घ्या. मी म्हटलं, बसणार नाही. तो म्हणाला, घ्या. घेतलं आणि मागचा बंपर चेपला. सगळ्यांसमोर मी त्याला सुनावलं की बँकेत आकडे मागे-पुढे करणं वेगळं आणि सात टनांचा बंब मागे घेणं वेगळं. लोक हसले. तो लाल झाला.

त्यानंतर तो माझ्या नजरेला नजर देत नाही. परवा एलाद्योकाका आणि यास्ना त्याच्याशी मनोऱ्यापाशी बोलत होते. मी गेलो तसे तिघे हवापाण्यावर बोलू लागले. बंपरचा राग त्याने मनात धरलाय हे आंधळ्यालाही दिसेल.

१ जुलै

पाऊस. मेलाने भोपळ्याच्या पुऱ्या तळल्या. तळताना रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, कांदा. पुऱ्यांत कांदा नसतो.

५ जुलै, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

मतदानाची तयारी राखणदारालाच करावी लागते. म्हणजे माझ्या निकालाची तयारी मीच केली. सभागृह झाडलं, बंदरावरच्या सुतारांनी कंपनी काढली तेव्हा केलेली देवदाराची पेटी पुसली, चोवीस पांढऱ्या आणि चोवीस काळ्या गोट्या मोजून ठेवल्या. प्रत्येकाला एक पांढरी, एक काळी मिळते. एक पेटीत टाकायची, दुसरी पिशवीत. तीन काळ्या निघाल्या की माणूस बाद, आणि एकदा बाद तो कायमचा. कुणी काय टाकलं हे सांगायचं नाही, अशी शपथ असते.

बावीस जण आले. मी खाली बंबापाशी थांबलो. निळा कोट घातला होता, यास्नाच्या पदवीदानाचा. वरून हजेरी ऐकू येत होती. आधी कामगिरीवर गेलेल्यांची तीन नावं, प्रत्येक नावाला सगळे म्हणतात, ‘सेवेत असताना गेला!’ मग जिवंत माणसं, एकेक ‘हजर’. मी मनातल्या मनात माझं नाव शेवटी लावून बघितलं. नोल्बेर्तो कार्कामो. बरं वाटलं कानाला.

मग बराच वेळ काही नाही. मग अध्यक्ष उर्रेहोला स्वतः खाली आले. त्यांचं तोंड माझ्यापेक्षा उतरलं होतं. म्हणाले, “तीन. विश्वास बसत नाही. तीन!” आणि भिंतीवर हात आपटला. माझ्यासाठी एवढं मनाला लावून घेणारे एकटे तेच निघाले.

बाकीचे माझ्या बाजूने खाली बघत बाहेर गेले. काहींनी खांद्यावर थोपटलं. एलाद्योकाका जिना उतरायला फार वेळ लावत होते. कप्तान गेला तो थेट रस्त्यावर. यास्ना वर घरात आलीच नाही, मैत्रिणीकडे झोपते म्हणाली. तिलाही लाज वाटली असणार बापाची.

सगळे गेल्यावर सभागृह आवरणं माझंच काम. पेटी उघडली. एकोणीस पांढऱ्या, तीन काळ्या. मी त्या पुन्हा मोजल्या, मग पुसून पिशवीत भरल्या.

६ जुलै

झोप नाही. सकाळपासून कोण कोण असतील ते लिहितोय.

पहिला कप्तान. बंपर. यात शंका नाही. शिफारशीला सही करून मागून सुरी!

दुसरा तो दातांचा डॉक्टर. त्याच्याकडे न जाता मी दाढ दुसरीकडे काढली होती.

तिसरा सापडत नाही. अध्यक्ष नक्की नाहीत. यास्नाचा प्रश्नच नाही. एलाद्योकाका असतील असं आधी वाटलं नव्हतं, पण दुपारी आठवलं की अर्ज केल्यापासून ते एकदाही ‘छान केलंस’ म्हणालेले नाहीत. जुन्या माणसांना पगारी माणूस आपल्या शेजारी उभा राहिलेला चालत नाही. बासष्ट वर्षांची सभासदी! त्यांच्या लेखी मी कायम चहावालाच.

मेलाला यादी दाखवली. तिने ती चुलीत घातली.

१५ जुलै

एलाद्योकाका रोज पाचला येतात. पहिल्या दिवशी सांगितलं, गॅस संपलाय. दुसऱ्या दिवशी, पाव नाही. आता काही सांगत नाही, नोंदवही उघडून बसतो. ते पंधरा मिनिटं खुर्चीवर बसतात, “बरं मग,” म्हणतात आणि भिंतीला धरून उतरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. माणसाला लाज असावी थोडी.

मेला हल्ली खालच्या दारात त्यांच्यासाठी रुमालात काहीतरी बांधून नेते. मला दिसत नाही असं तिला वाटतं.

२४ जुलै, मंगळवार, दुपार

दुपारी बाराला बंदरावरच्या गोदामाची वर्दी. एक तास धूर खाल्ला सगळ्यांनी. मी नेलं, आणलं, होज वाळत घातले. कप्तान म्हणाला, “छान चालवलीत, काका.” मी नोंदवहीत डोकं घातलं. ज्यांना मी बंबापाशी चालतो आणि यादीत चालत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक हिवाळा काढायची माझी इच्छा राहिली नाही.

राजीनामा लिहिला आणि थेट अध्यक्षांच्या कचेरीत नेऊन दिला. त्यांनी वाचला, उठून मला मिठी मारली. मला नोकरीवर घेतानाही एवढ्या प्रेमाने कुणी हात मिळवला नव्हता. म्हणाले, “तुमच्या स्वाभिमानापुढे मी काय बोलणार? गुरुवारी कार्यकारिणी आहे, मंजूर करून टाकू. खोल्या पंधरा दिवसांत मोकळ्या होतील ना? ऑगस्टमध्ये गवंडी मिळतायत.”

मी म्हटलं, “कसले गवंडी?”

“रात्रपाळीच्या सभासदांना झोपायला खोली नको का? दोन वर्षं अडलंय ते. तसं पाच तारखेलाच सुटलं असतं म्हणा...” आणि मग ते खोकले.

जिना उतरताना ते वाक्य डोक्यात फिरत होतं. पाच तारखेला माझं मतदान होतं. माझ्या मतदानाचा आणि गवंड्यांचा काय संबंध? आता वर जाऊन मेलाला विचारतो.

तोच दिवस, संध्याकाळ

मेलाला सगळं सांगितलं. राजीनामा म्हटल्यावर ती खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

“अरे वेड्या,” ती म्हणाली. “अरे वेड्या माणसा! काय करून बसलास? त्यांनी एवढं करून तुझं घर वाचवलं आणि तू ते त्या वकिलाच्या हातात नेऊन दिलंस?”

“कुणी वाचवलं?”

तिने यास्नाला हाक मारली. यास्ना पुस्तिका घेऊन आली आणि मी गप्प बसून ऐकलं. कलम एक्केचाळीस: कंपनीचा पगार घेणाऱ्या व्यक्तीस सभासद राहता येणार नाही, सभासदत्व मिळताच पगार व त्यासोबतची राहण्याची जागा त्याच दिवशी संपुष्टात येईल. एकच ओळ. खरंच एकच ओळ होती.

मला सिपुल्वेदा आठवला. आणि आठ पलंग.

“मग मला सांगितलं का नाही?” मी ओरडलो. “एका घरात राहतो आपण!”

“सांगायला बसले होते. तुम्ही म्हणालात, जेव.”

“पुन्हा सांगायचं! बांधून ठेवून सांगायचं!”

मेला म्हणाली, “पुन्हा मीच नको म्हटलं तिला. अर्ज मागे घेता येत नव्हता. आणि सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? घर गेलं तर जाऊ दे, माझं नाव पुकारलं पाहिजे. एकसष्टाव्या वर्षी मला घेऊन रस्त्यावर उभा राहिला असतास, छाती काढून. ओळखते मी तुला.”

मी खोटं बोलू शकलो नाही. असंच म्हणालो असतो.

यास्ना खिडकीकडे तोंड करून उभी होती. म्हणाली, “बाबा, एक काळी माझी होती. शपथ मोडतेय, पण ती माझी आहे, मी मोडू शकते. बाकी दोन कुणाच्या ते विचारू नका.” आणि मग रडायला लागली, लहान असताना रडायची तशी, आवाज न करता. “तुम्ही खाली कोट घालून उभे होतात. मला जिन्यावरून दिसत होतात. मला तुमचं नाव यादीत नको होतं, बाबा. तुम्ही घरात हवे होतात.”

मी तिला जवळ घेतलं. सहा वर्षांत घेतलं नव्हतं. माझ्या पोरीने मला ‘नाही’ म्हटलं आणि असं ‘नाही’ माझ्यासाठी कुणीही म्हटलेलं नाही. लाज वाटली, राग आला, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं. तिन्ही एकदम.

पण राजीनामा वकिलाच्या टेबलावर आहे.

२५ जुलै

राजीनामा परत मागायला गेलो. एकोणतीस वर्षांत कुणापुढे हात जोडले नव्हते, आज जोडले. अध्यक्ष म्हणाले, “शिक्का पडलाय, नोल्बेर्तो. आता कार्यकारिणीच बघेल. स्वाभिमानी माणसाने असं मागे फिरू नये.” मिठी मारली नाही.

मेलाने खोकी आणलीत वाण्याकडून. अजून भरली नाहीत. भिंतीला लावून ठेवलीत नुसती.

२६ जुलै, गुरुवार

कार्यकारिणीत पाच जण: अध्यक्ष, कप्तान, सेक्रेटरीबाई, खजिनदार, आणि सर्वांत जुने म्हणून एलाद्योकाका. मी पुन्हा खाली, बंबापाशी. या वेळी कोट नाही.

तासाभराने कप्तान उतरला. चेहरा अगदी सरळ. म्हणाला, “काका, तुमचा राजीनामा चर्चेला घेता आला नाही.”

“का?”

“वाचताच येईना. एलाद्योकाका चष्मा विसरलेत. माझ्या डोळ्यांत मंगळवारचा धूर आहे अजून, मला तर सगळं धुरकट दिसतंय. मग सेक्रेटरीबाई म्हणाल्या, या दोघांना लागत नाही ते अक्षर मी इतिवृत्तात कसं उतरवू? पाचांपैकी तिघं झाले. अध्यक्ष मोठ्याने वाचून दाखवायला निघाले, तर एलाद्योकाका म्हणाले, ‘काय म्हणालात? ऐकू येत नाही.’” इथे त्याला हसू आवरलं नाही. “ठराव असा झालाय की तुम्ही पुन्हा नीट अक्षरात लिहून द्यावा. घाई नाही. दहा-बारा वर्षांत कधीही.”

मी म्हटलं, “बंपरबद्दल... मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं.”

“बंपरचं तुम्ही म्हणालात तसंच होतं. बंब बसतच नव्हता.” मग खाली बघून म्हणाला, “शिफारस करण्याआधी मी पुस्तिका वाचायला हवी होती, काका. मला ते फार लागलंय.”

दुसरी काळी कुणाची ते मला कळलं. मी विचारलं नाही.

मेलाने खोकी वाण्याला परत केली.

२७ जुलै, शुक्रवार

एलाद्योकाका पाचला आले. मी दारातच उभा होतो. सकाळपासून वाक्य जुळवलं होतं, ते विसरलो. सरळ म्हटलं, “काका, तीन आठवडे मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. मला माफ करा. तुम्ही काळी का टाकलीत ते मला कळलंय.”

“काळी?” म्हातारा खवळला. “कोण म्हणतो? मतदान गुप्त असतं. बासष्ट वर्षांत मी कुणाला सांगितलं नाही, तर तुला सांगेन? मी पांढरी टाकली असं समज. तुझ्यासारख्या माणसाला काळी टाकणारा गाढव असला पाहिजे.”

“बरं. पांढरी.”

बसले. चहा घेतला, पाव खाल्ला, साखर कमी आहे म्हणाले. मेला त्यांच्यापुढून हलत नव्हती. यास्नाच्या ड्यूटीबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. उठायच्या वेळी टेबलाला धरून थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “एक सांगू का? ज्याने कुणी टाकली असेल ना, त्याला पेटीपाशी फार वेळ लागला. इतकी मतं दिली त्याने आयुष्यात, पण असं कधी झालं नव्हतं. पांढरीच सुटायला बघत होती हातातून.”



जिन्यापाशी मी हात पुढे केला. ते कुणाचा हात धरून उतरत नाहीत, सगळ्या कंपनीला माहीत आहे. आज धरला. आम्ही एकेक पायरी करत खाली उतरलो.